कोरडी तोटी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे खरं आहे, आणि माझ्याच घरातलं आहे.

साल १९३८. वैशाख. अकोल्याचा एक बायकांचा दवाखाना.

माझी पणजी मनकर्णा तिथं दाई होती. डॉक्टरीणबाई रोज बजावायच्या, बाळंतिणीला हात लावण्याआधी साबणानं हात धुवा. पणजी मान डोलवायची आणि धुवायची नाही. तिच्या लेखी हात धुवायचे ते नंतर, विटाळ जावा म्हणून. आधी कशाला?

पातूरच्या माळ्याची जमुना अडली होती. पणजी तापानं फणफणलेल्या दुसऱ्या बाळंतिणीजवळून उठून थेट तिच्याकडे आली.

जमुनेनं ते पाहिलं. "बाई, हात धुतले काय तुमी?"

"मले शिकवून राहिली काय? माह्ये हात साफच हायेत."

तिसऱ्या दिवशी जमुनेला हीव भरलं. पाचव्या दिवशी ती गेली.

"नशीब तिचं," एवढंच पणजी म्हणाली. मला अजून त्या शब्दांची लाज वाटते.

आठवड्यानं सुरू झालं...

कुणी बाई अडली की न्हाणीघरात पाणी पडल्याचा आवाज यायचा. पणजी जाऊन बघायची. पिंपाची तोटी बंद. फरशी कोरडी ठणठणीत.

तिनं कानाडोळा केला. हात काही धुतले नाहीत.

मग तिची एकुलती एक लेक वच्छला बाळंतपणाला आली. भर दुपारी कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई अमरावतीला गेलेल्या. पणजी एका तापाच्या बाईचे कपडे बदलत होती.

न्हाणीघरात पाणी वाजू लागलं...

या वेळी पणजी घाबरली. पोटची पोर होती. ती धावत गेली, हाताला साबण चोळला, तोटी फिरवली.

थेंब नाही.

झाकण काढलं. पिंप काठोकाठ भरलेलं. तिनं तांब्या बुडवला...

वर आला तो रिकामा.

मागून कुणीतरी हळूच बोललं... "राहू द्या, बाई. तुमचे हात साफच हायेत."

मागे कोणी नव्हतं.

"माय वं, ये ना लवकर!" वच्छला ओरडत होती. बाळाचं डोकं दिसू लागलं होतं. पणजीनं हात लुगड्याला पुसले आणि गेली.

मुलगी झाली. पणजी न्हाणीघरात परतली, तेव्हा तोटी आपोआप वाहत होती... धो धो.

तिसऱ्या दिवशी वच्छलेला हीव भरलं.

पाचव्या दिवशी ती गेली.

ती मुलगी म्हणजे माझी आई. पणजी मरेपर्यंत दिवसभर हात धूत राहिली. तिच्या बोटांची निघालेली सालं मी लहानपणी पाहिलीत.

मी आता अमरावतीला नर्स आहे. प्रत्येक बाईआधी हात धुते. पण तोटी फिरवल्यावर पाणी यायला जरा जरी उशीर झाला...

मागे वळून बघायची माझी हिंमत होत नाही.