माशी बांधायचं पुस्तक

“मासोळीचं पुस्तक पाहिजे का?” काउंटरमागच्या मुलीनं विचारलं.

“मासोळीचं नाही… माशीचं,” अंकुश म्हणाला. “माशी बांधायचं.”

तिनं पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. भंडाऱ्याच्या त्या वाचनालयात येणारी पोरं स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं मागायची. हा पहिलाच माणूस असा, की ज्याला माशी बांधायची होती.

“माशी कोणी कायले बांधते?”

अंकुशनं खिशातून कागदाची पुडी काढून उलगडली. आत गळाचा एक बारीक आकडा होता आणि त्यावर कोंबड्याचं तांबूस पीस काळ्या दोऱ्यानं कसंबसं गुंडाळलेलं होतं. “हे खोटी माशी. पाण्यावर तरंगते. मासोळी खरी समजून तोंडात धरते. मी आपल्या मनानं केली, म्हणून अशी झाली.”

ती वाकून बघू लागली. तिच्या वेणीतून खोबरेल तेलाचा वास आला आणि अंकुशनं हात जरा मागे घेतला.

“मेलेली वाटून राहिली,” ती म्हणाली, आणि मग हसली. “मोबाइलवर पाहून घ्या ना. आता सगळे व्हिडिओ पाहूनच शिकतात.”

नेमक्या याच सल्ल्याची त्याला भीती होती.

“पुस्तकातलं डोक्यात राहते,” तो घाईनं म्हणाला.

ते खोटं नव्हतं, पण खरं कारण दुसरंच होतं. दोन वर्षांपूर्वी सिहोऱ्याजवळ नदीकाठी गळ टाकून बसलेला असताना अंकुश एकाएकी कोसळला होता. घोट्यापर्यंत पाणी, आणि त्यात तोंड पालथं. शेजारी जाळं टाकणाऱ्या माणसानं ओढून काढलं म्हणून वाचला. नागपूरच्या डॉक्टरांनी मिरगीचं निदान केलं, गोळ्या दिल्या आणि बजावलं: गाडी चालवायची नाही, एकट्यानं पाण्याजवळ जायचं नाही, जागरण नाही. शिवाय झगझगणाऱ्या उजेडापासून, भराभर बदलणाऱ्या पडद्यापासून लांब राहायचं, कारण त्याच्या डोक्याला तेच सोसत नव्हतं. नदी सुटली. मग त्याला वाटलं, निदान घरी टेबलाशी बसून नदीसाठी काहीतरी करावं. ते करायलाही पुस्तक लागणार होतं.

मुलीचं नाव मनाली. तिनं वहीत ‘वाचक मागणी’ या मथळ्याखाली त्याचं नाव, गाव आणि फोन नंबर लिहून घेतला आणि पुढच्या शनिवारी यायला सांगितलं.

अंकुशला औषधासाठी भंडाऱ्याला महिन्यातून एकदाच यावं लागे. त्या महिन्यापासून तो दर शनिवारी एसटीत बसू लागला. आई, पार्वताबाई, फाटकापर्यंत येऊन सांगायची, “कंडक्टरच्या मागं बसजो. पोहोचला का फोन करजो.” तो मान हलवायचा. वाचनालयाच्या पायऱ्या चढताना मात्र दर वेळी छातीत धडधड व्हायची. आज इथं झालं तर? हिच्यासमोर झालं तर?

मनालीनं इंटरनेटवर तीन पुस्तकं शोधली होती. “पडद्यावर नको, छापून देता का?” असं त्यानं विचारलं, म्हणून तिनं प्रत्येकाची चार-चार पानं छापून टेबलावर मांडली.

“याच्यात दोनशे माश्या आहेत,” पहिल्याकडे बोट दाखवत ती म्हणाली.

“पण एकीचा एकच फोटो. ज्याले येते त्याचं पुस्तक आहे हे. मले काहीच नाही येत.”

“मग हे? चित्रं मस्त आहेत.”

अंकुशनं साहित्याची यादी वाचली. “सीलचे केस लागतात म्हणे. सिहोऱ्यात समुद्रातला सील कुठून आणू?”

ती तोंडावर हात ठेवून हसली. वाचनालय असल्यानं तिचं हसू नेहमी असं अर्धं दाबलेलंच असायचं, आणि त्याला ते पूर्ण ऐकायची फार इच्छा व्हायची.

तिसऱ्या पुस्तकात फक्त आठ माश्या होत्या. पण प्रत्येकीचे पंधरा-सोळा फोटो, पायरीपायरीनं. साहित्यही साधंच होतं. कोंबड्याचं पीस, लोकर, तांब्याची तार.

“फोटो पाहा,” अंकुश म्हणाला. “बांधणाऱ्याच्या बाजूनं काढले आहेत. समोरून काढले असते तर डावं-उजवं उलटं झालं असतं.”

“आणि तारेची बांधणी आहे,” मनाली म्हणाली. “टेबलावर उघडं राहीन. तुमचे दोन्ही हात तर गुंतले असतीन.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. आपले हात कशात गुंतलेले असतील याचा विचार आईशिवाय कोणी केला नव्हता. तिलाही आपण काय बोललो ते कळलं असावं. ती उगाचच पानं जुळवू लागली.

पुस्तक यायला पंचवीस दिवस लागले. इंग्रजी मजकूर ती वाचून दाखवायची, तो गळ छोट्या, चिमट्यासारख्या शिकंज्यात अडकवून दोरा फिरवायचा. दुपारी दोन ते तीन, मागच्या खोलीत. धान कापणी संपत आली होती. खिडकीतून उन्हाची तिरीप यायची आणि हवेतून पिसाचे बारीक तंतू तरंगत तिच्या केसांवर बसायचे.

“तुमच्या केसात पीस आहे,” तो एकदा म्हणाला.

“मग काढा ना. सांगून काय राहिले?”

त्यानं दोन बोटांनी ते काढलं. नंतर बराच वेळ दोरा काही सरळ बसेना.

‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. तिनं त्याला विचारलं, “माश्या एवढ्या बांधून राहिला, मग नदीवर काहून नाही जात?”

“जाईन… कधीतरी,” तो म्हणाला. सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण सांगितल्यावर तिचे डोळे बदलतील, नात्यातल्या लोकांचे बदलले तसे, ही भीती जिभेवर बसून राहिली.

पुस्तक सगळं बरं होतं. फक्त एका जागी ते अडलं. माशी पूर्ण झाल्यावर दोरा बंद करायची शेवटची गाठ. चार फोटो होते, चारहींत बोटांमागे दोरा लपलेला. अंकुशची प्रत्येक माशी तिथंच सुटायची.

पुढच्या शनिवारी मनाली त्याची वाटच पाहत होती. “चल,” म्हणत ती त्याला संगणकाच्या खोलीत घेऊन गेली. “गाठीचा व्हिडिओ सापडला. मोठ्या पडद्यावर दाखवते.”

तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण ती इतक्या हौसेनं खुर्ची ओढून देत होती, की अंकुश बसला. एवढ्यानं काय होते, त्यानं स्वतःला समजावलं. खोलीतली ट्यूबलाइट लुकलुकत होती. व्हिडिओची सुरुवातच झगझगाटानं झाली. पांढरं, काळं, पांढरं, काळं… त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला. मान वळली नाही.

डोळे उघडले तेव्हा तो जमिनीवर होता. तोंडात रक्ताची चव, डोक्याखाली तिची ओढणी. भोवती दहा-बारा पोरं. कोणीतरी नाकाशी चप्पल धरली होती. आणि मनाली भिंतीला पाठ लावून उभी, पांढरीफटक, दोन्ही हात तोंडावर.

“मीच लावला होता व्हिडिओ,” ती पुटपुटत होती. “मीच लावला.”

“तुझी चूक नाही,” त्याची जीभ जड झाली होती. “मले मिरगी आहे. सांगितलं नव्हतं.”

त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं दया नव्हती, किळसही नव्हती. निव्वळ भीती होती, आणि अंकुशला तीच सगळ्यात जास्त लागली.

त्यानंतर तो भंडाऱ्याला गेलाच नाही. एक शनिवार गेला, दोन गेले, तीन गेले. फोन वाजला की तो उपडा करून ठेवी. औषध कोणाकडून तरी मागवलं. पार्वताबाईनं काही विचारलं नाही, पण शनिवारी सकाळी तिच्या हातून चहा उतू जायचा.

चौथ्या आठवड्यात सोमवारी, वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी, पार्वताबाई अंगणात धान पाखडत असताना फाटकाशी एक मुलगी उभी राहिली.

“अंकुशचं घर हेच का, काकू?”

पार्वताबाईच्या हातातलं सूप थांबलं. पोराबद्दल तक्रार घेऊन आली की काय, या धास्तीनं तिनं पदर सावरला. “हो. का झालं, बाई?”

“काही नाही. त्याले गाठ शिकवायची राहिली.”

अंकुश आतून आला आणि दारातच उभा राहिला. मनालीनं पिशवीतून शाळकरी वही काढली. तो व्हिडिओ तिनं थांबवून थांबवून पाहिला होता आणि प्रत्येक पायरीचं पेन्सिलीनं चित्र काढलं होतं. अकरा चित्रं, बांधणाऱ्याच्या बाजूनं. बोटं थोडी जाड झाली होती, पण दोरा कुठून कुठं जातो ते लख्ख दिसत होतं.

“किती दिवस लागले?”

“नको विचारू. तो व्हिडिओतला बाबा सपनात येऊन गाठ मारून राहिला.”

ओसरीवर बसून त्यानं वही उघडली. सातव्या चित्रापाशी दोनदा चुकला. तिसऱ्यांदा दोरा ओढला, नखानं टोचून पाहिलं. गाठ सुटली नाही.

मग मनालीनं वहीचं मागचं कोरं पान काढलं. “आता तू सांग. झटका आला तर का करायचं असते?”

“कायले पाहिजे तुले?”

“त्या दिवशी मले काहीच माहीत नव्हतं. मी नुसती भिंतीला चिकटून उभी होती.” तिनं पेन्सिल कोऱ्या पानावर टेकवली. “सांग ना.”

तो सांगू लागला, ती लिहू लागली. कुशीवर वळवायचं. आजूबाजूचं टोकदार काही असेल ते सरकवायचं. तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. चप्पल-कांदा काही नाही. घड्याळ पाहायचं, पाच मिनिटांवर गेलं तर दवाखाना. पार्वताबाई खांबाआडून ऐकत होती. इतकं नीट तिनंही कधी विचारलं नव्हतं.

चहा झाला. एसटीची वेळ होत आली.

“नहराकडून सोडून दे तिले,” पार्वताबाई अंकुशला म्हणाली. “जवळ पडते. येताना मात्र सडकेनं येजो.”

अंकुशनं चमकून आईकडे पाहिलं. दोन वर्षांत तिनं त्याला नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, वाटेवर पाऊल टाकू दिलं नव्हतं. ती परत धान पाखडू लागली होती, पण सूप नुसतंच हलत होतं.

वाटेनं एका बाजूला कापलेली धानाची शेतं, दुसऱ्या बाजूला काठोकाठ भरलेलं संथ पाणी.

“मनाली… हे बरं होत नाही लवकर. कदाचित कधीच नाही. मले तू खूप आवडते. म्हणूनच म्हणतो, नीट विचार कर.”

“तीन आठवडे तेच करून राहिली होती. मले भीती वाटते, अंकुश. आत्ताही वाटून राहिली. ते जाईन असं काही मले वाटत नाही.”

“मग?”

“मग काय? भीत भीतच येईन.” ती पायाखाली पाहत म्हणाली. “दर सोमवारी.”

अंकुशच्या छातीत तीच जुनी धडधड होती.

पुढं वाट अरुंद झाली. पाण्याच्या कडेनं अंकुश चालत होता. मनाली थांबली, एक पाऊल मागं झाली, आणि त्याच्या पाठीमागून वळसा घालून पाण्याच्या बाजूला आली. मग तिनं त्याचा हात धरला. तिचा तळहात घामानं ओला होता, त्याचाही. ती दूर रस्त्याकडे बघत राहिली, आणि दोघं तसेच एसटीकडे चालत गेले.