मालोजीची भाकर

रावेतचे दौलतराव जेवणं उरकली की अंगणात पोरांना घेऊन बसत, आणि फारच आग्रह झाला तर आपल्या चुलत्यांची, सोपानरावांची, ही हकीकत सांगत.

सन छप्पन्न. मार्गशीर्षातली अमावास्या. दिवेलागण होऊन गेली होती आणि पुनावळ्याची गावकी चावडीपुढं उघड्यावर बसली होती. गावाचे रीतिरिवाज सोपानरावांना तोंडपाठ. ते बोलून दाखवत, गाव मान डोलवी. मालोजीनं लेक परजातीत दिली तेव्हा त्याला वाळीत टाकायचा शब्दही त्यांच्याच तोंडून निघाला होता. दोघं लहानपणापासूनचे जिवलग. पुढं सरकारनं असल्या बहिष्काराला बंदी घातली, तरी गाव कैक वर्षं बधलं नाही. त्या रात्री बधलं.

"परत घ्यायची रीत काय हाय, सोपानराव?" म्हाताऱ्या पाटलांनी विचारलं.

"एकानं त्याच्या घरची भाकर खायाची, अन् त्याला गावात आणायचं." सोपानराव उठलेच. "म्या जातो."

कंदील घेऊन ते पवनेकाठच्या मालोजीच्या खोपटाकडे निघाले. पाय आपोआप भराभरा पडत होते. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि कंदील विझला.

"मालू... गावानं घेतलं रं तुला."

कोपऱ्यातून आवाज आला. "लई उशीर केलास, सोपाना. बस. भाकर खा."

हातात भाकर आली. गरम. सोपानराव रडत रडत खात राहिले.

"चल आता."

"तू हो म्होरं..."

चावडीवर सगळे वाट बघत बसले. मालोजी आला नाही. मग कंदील घेऊन गावच खोपटाकडे निघालं.

मालोजी भिंतीला टेकून बसला होता. अंग थंड. मरून दिवस लोटले होते. कुणी फिरकलंच नव्हतं, मग कळणार कुणाला? चुलीतली राख गार. पिठाचं मडकं रिकामं.

"म्या आत्ता खाल्ली..." सोपानराव म्हणाले. "हितं... ह्याच्या हातची..."



अख्ख्या गावानं त्याला खांदा दिला. सोपानराव मात्र पुन्हा कधी गावकीत बसले नाहीत.

"भास झाला असंल त्यांना," एखादं पोरगं म्हणे.

दौलतराव मान डोलवत.

"असंल. पन आंघोळ घालताना चुलत्यांनी त्याचे हात हातात घेतले..."

"मग?"

"बोटांना पीठ व्हतं. ओलं."