बेवारस घोडा

"अहो, त्याच्या कपाळाला काय फासताय?"

हातातला पाना उगारूनच ती चौकात धावली. डिंकाचा ब्रश धरलेला माणूस दचकून मागे सरला. घोड्याच्या कपाळावर कागद होता — 'बेवारस भंगार. सात दिवसांत उचलण्यात येईल.'

"बेवारस? आणि मी काय मेले?"

सायकलच्या साखळ्या, छत्र्यांच्या काड्या, फुटके नळ... चार महिने हात भाजून घेत या वेल्डर पोरीने रिकाम्या चौथऱ्यावर तो घोडा उभा केला होता. आणि समोरच्या इमारतीच्या सेक्रेटरीकाकांनी तक्रार ठोकली — चौक विद्रूप दिसतो म्हणे! ज्यांच्या माळ्यांवरून निम्मा घोडा निघाला, त्यांनीच नाकं मुरडावीत?

"मी पालिकेचा साधा निरीक्षक," तो चाचरला. "हरकत घेता येते. पण... वर्णन लागेल. एकेका भागाचं."

"मग लिहा! बसा इथे!"

तो बसला. आणि रोज येऊन बसू लागला.

"डावा गुडघा?"

"शिवणयंत्राचं चाक."

"पापण्या?"

"जेवणाच्या काट्यांचे दाते. इतकं हळू लिहितात का हो?"

"अक्षर नीट यायला हवं ना."

"अक्षर कागदावर असतं. तुम्ही बघताय कुठे?"

त्याचे कान लाल झाले.

पाचव्या दिवशी पावसाची सर आली. दोघं घोड्याच्या पोटाखाली शिरले. वर घोड्याच्या पाठीच्या पत्र्यावर थेंब तडतडत होते. तिच्या भाजलेल्या बोटाला त्याने न विचारताच रुमाल गुंडाळला, आणि तिने — चक्क दुसरंही बोट पुढे केलं...

सातव्या दिवशी ट्रक आला. मागोमाग काका, आठ-दहा रहिवासी घेऊन.

"साहेब, तुमची बावीस पानं राहू द्या. भंगार आहे की नाही, तेवढं बोला."

"नाही. हरकत मंजूर केलीय मी."

"कशावरून?"

"भंगार बघायला कुणी आठवडाभर इस्त्रीचा शर्ट घालून येतं का, काका?"

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. काका लालबुंद झाले.

"तुमच्याच घरातलं आहे हे!" ती काकांवर कडाडली. "फेकताना नाही, आणि उभं राहिलेलं बघून लाज वाटते?" मग तशीच गर्रकन त्याच्याकडे वळली. "आणि तुम्ही! शर्टाचं ते... अर्जात का नाही लिहिलं?"

"तसा रकाना नव्हता."

"मग मला सांगायचं!"

"आत्ता... तेच सांगतोय ना."

तिचा राग ओठांवरच अडखळला. ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. "साहेब, न्यायचा की नाही?"

"नाही!" दोघं एकदम म्हणाले.