रिकाम्या गोळीचं मोल

सन २०७१. गुणवत्तानगरच्या रोगभाकित प्रयोगशाळेत आयुर्गणक नावाच्या यंत्राने निकाल दिला आणि डॉ. शर्वाणी कोठावळे यांची बारा वर्षांची योजना त्याच दुपारी बंद होणार, हे जवळजवळ ठरलं.

पंधरा वर्षांच्या मुलाच्या रक्ताच्या एका थेंबावरून, साठीत त्याची किती हाडं मोडतील आणि सरकारला त्यासाठी किती खर्च येईल, हे आयुर्गणक सांगे. शहर शिकवणीवर्गांचं. मुलं पहाटे छताखाली शिरत, ती अंधार पडल्यावर बाहेर येत. ऊन त्यांना भूगोलात भेटे. म्हणून शर्वाणीबाईंनी निम्म्या मुलांना ड जीवनसत्त्वाची गोळी सुरू केली आणि तुलनेसाठी उरलेल्यांना हुबेहूब तशीच, पण रिकामी.

"दोन्हीकडची हाडं सारखीच ठणठणीत," अर्थखात्याचे सचिव हिंगमिरे म्हणाले. "म्हणजे बाई, तुमच्या गोळीने वाचवलेला खर्च शून्य."

गोळ्यांची अदलाबदल झाली असणार, असं वाटून बाई हिंगमिरेंना घेऊन तडक एका वर्गावर गेल्या. मुलं गोळ्या एसीत कोंबत, त्यामुळे अंगठा उमटवून पर्यवेक्षकासमोर गिळायची, असा नियम होता. तासाच्या भाड्याची खोली त्यासाठी कोण सोडणार? रांग गच्चीवर लागे. अंगठ्याचं यंत्र सरकारी; अकराची रांग पावणेबारापर्यंत संपत नसे.

बाई रांगेशेजारी घाम पुसत उभ्या राहिल्या आणि हसू लागल्या.

"साहेब, हे जीवनसत्त्व कातडी उन्हात स्वतःच बनवते. गरजेपुरतं झालं की वरची गोळी वाया. आम्ही दोन्ही गटांना रोज पाऊण तास ऊन दिलंय."

हिंगमिरे खूश झाले. मग गोळ्या बंद, मुलांना नुसतं उभं करा, असं त्यांचं म्हणणं पडलं. वर्गचालक देवडीकर सरांनी नकारार्थी मान हलवली.

"उन्हात उभं करायला पालक फी भरतात का साहेब? उद्या वर्ग ओस पडेल. औषध म्हणा, स्वतः आणून उभं करतील."

आयुर्गणकाला पुन्हा विचारलं. गोळी नाही तर रांग नाही, रांग नाही तर हाडं नाहीत. योजना मंजूर झाली: सगळ्यांना रिकामी गोळी.

पंधरवड्याने पालकांचं शिष्टमंडळ आलं. मुलं तरतरीत दिसतात, पण प्रवेशपरीक्षा तोंडावर आली आहे, तेव्हा डोस दुप्पट करता येईल का, अशी त्यांची विनंती होती. शर्वाणीबाईंनी चष्मा काढून बराच विचार केला.

"करू," त्या म्हणाल्या. "पण दुसरी गोळी मैदानाला चार फेऱ्या मारल्याशिवाय लागू पडत नाही."