शिंपलेवाडीचा दोर

"तोडा," विश्राम केरकर म्हणाले.

आवाजात कंप नाही, कपाळाला आठी नाही. पंगतीत "भात नको" म्हणावं, तसं म्हणाले. काचेच्या अलीकडे बसलेल्या यमुना तांडेलच्या हातातला चहा तिच्या लुगड्यावर सांडला. तिने तो पुसलासुद्धा नाही.

काचेपलीकडे केरकर एका खुर्चीत डोळे मिटून रेलले होते आणि त्यांच्या डोक्याला बारीक तारांचं जाळं होतं. आपण खुर्चीत आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ते अध्यक्षांच्या दालनात उभे होते, बाहेर वादळ घोंघावत होतं आणि एक आख्खी वाडी नांगर उखडून वाहत चालली होती. त्यांना दिसत होतं तेच भिंतीवरच्या पडद्यावर तिघा परीक्षकांनाही दिसत होतं. दोर तुटला. दिवे लागलेली वाडी काळोखात हेलकावत गेली, तिरपी झाली आणि विझली.

"सत्त्याण्णव!" डॉक्टर शरयू मालशे टाळी वाजवून म्हणाल्या. "शंभरातले सत्त्याण्णव! इतके गुण आजवर कुणालाच पडले नाहीत."

समुद्राने कोकणपट्टी गिळली तेव्हा माणसं डोंगरावर गेली नाहीत. डोंगरावर आधीच दुसरी माणसं होती, आणि ती काही हात पसरून उभी नव्हती. म्हणून यांनी पाण्यावरच वाड्या बांधल्या. प्रत्येक वाडी एका अजस्र तराफ्यावर, आणि अशा बावीस वाड्या पोलादी दोरांनी एकमेकींना जखडलेल्या, ये-जा करायला मधे पूल. शांत समुद्रात हा दोर म्हणजे आधार, वादळात मात्र तोच फास. एका वाडीचा नांगर उखडला की ती वाहू लागते आणि दोराने बाकीच्यांना ओढत नेते. अशा वेळी तो दोर तोडावा लागतो. तोडायचा अधिकार साऱ्या प्रजासत्ताकात एकाच माणसाला होता, अध्यक्षाला.

आता असा माणूस निवडायचा कसा? भाषणं ऐकून? भाषणात तर सगळेच शूर. प्रजासत्ताकाच्या दुसऱ्या अध्यक्षांनी प्रचारात छाती ठोकली होती, आणि वादळ आलं तेव्हा ते देवघरात कडी लावून बसलेले सापडले. तेव्हापासून कायदा झाला की निवडणुकीला उभं राहायचं तर आधी निर्णयकसोटी द्यायची.

कसोटीमागचं विज्ञान सांगायला सोपं आहे. ही परीक्षा आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो परीक्षेपुरता शहाणा वागतो. म्हणून ते ठाऊकच असता कामा नये. ताजी आठवण ओल्या सिमेंटसारखी असते. ती घट्ट व्हायच्या आत थापी फिरवली तर पुसता येते. ही थापी म्हणजे विस्मरक नावाचं औषध. त्याने उमेदवाराच्या मनातून गेला दिवस पुसला जाई. मग तारांच्या जाळ्यातून मेंदूत भासस्मृती सोडत, म्हणजे न घडलेल्या गोष्टींच्या आठवणी: आपण निवडून आलो, मिरवणूक निघाली, शपथ घेतली. मधल्या फटी माणसाचं मन आपणच भरून घेतं. त्या कामात ते फार हुशार असतं. मग त्याच्यावर वादळ सोडायचं आणि तो काय करतो ते पाहायचं.

पाहणारे तिघं. एक शास्त्रज्ञ, एक न्यायाधीश आणि चिठ्ठी टाकून निवडलेला एक सामान्य नागरिक. उमेदवार पात्र ठरायला तिघांचं एकमत लागे. या खेपेला चिठ्ठी निघाली बंदरवाडीत खानावळ चालवणाऱ्या यमुनेची. तिचं उमेदवाराशी नातं आहे का, हे सरकारने कसून तपासलं. ते नव्हतं. तिचं नातं होतं शिंपलेवाडीशी. तिचा धाकटा भाऊ वामन तिथे राहायचा, त्याची बायको आणि दोन मुली राहायच्या. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात अध्यक्ष केरकरांनी, आता पुन्हा उभे राहिलेल्या याच केरकरांनी, दोर तोडला, आणि बावीस वाड्यांच्या एकवीस झाल्या.

चौकशी झाली. निर्णय योग्य, असा निकाल लागला. एकवीस वाड्या वाचल्या हे खरंच होतं, आणि यमुना इतकी अडाणी नव्हती की तिला ते कळू नये. दोर तोडला याचा राग तिने केव्हाच गिळला होता. तिच्या घशात अडकला होता तो भोंगा. दोर तोडण्याआधी भोंगा वाजवायचा, म्हणजे माणसं पुलावरून शेजारच्या वाडीत पळतात, हे शेंबडं पोरही जाणत होतं. त्या दिवशी दुपारपासून नांगर सरकत होता. हाताशी वेळच वेळ होता. आणि भोंगा वाजलाच नाही. का वाजला नाही, याचं उत्तर चौकशीच्या जाडजूड अहवालात 'परिस्थितीजन्य' एवढ्या एका शब्दात उरकलं होतं. त्या शब्दावर थुंकावं असं तिला वाटायचं.

न्यायमूर्ती हवालदारांनी सही करून कागद यमुनेपुढे सरकवला. "करा बाई. माझ्या औषधाची वेळ झालीय."

"भोंगा कुठाय?" यमुना म्हणाली.

"कसला भोंगा?" मालशेंनी विचारलं.

"आत्ता त्यांनी दोर तोडला. त्याच्या आधी भोंगा वाजवला नाही. आजही नाही आणि तेव्हाही नाही. त्याचे गुण कापले का तुम्ही?"

मालशे समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "यमुनाताई, यंत्र फक्त परिणाम मोजतं. किती वाड्या वाचल्या आणि निर्णयाला किती वेळ लागला, एवढंच. भोंगा वाजवला की माणसं पुलावर गर्दी करतात. पुलावर माणसं असताना दोर तोडता येत नाही. उशीर होतो, आणि दुसरी वाडी ओढली जाते."

"दुपारपासून संध्याकाळपर्यंत वेळ होता. माणसं चालत आली असती, पोरांना काखोटीला मारून."

"खऱ्या वादळात असतो वेळ," मालशे म्हणाल्या. "कसोटीत नसतो. अख्ख्या दिवसाचं वादळ आम्ही अर्ध्या तासात बसवतो. मेंदूला जास्त वेळ भासात ठेवणं धोक्याचं असतं."

यमुनेने पुढ्यातला कागद दूर सरकवला. "म्हणजे भोंगा वाजवणारा तुमच्याकडे नापास होतो?"

उत्तर दिलं ते हवालदारांनी, आणि त्यांना वाटलं आपण गंमत सांगतोय. "अहो, क्लासवाले पहिल्याच दिवशी शिकवतात ते! 'भोंगा विसरा, दोर तोडा.' माझा भाचा शिकवतो ना एका क्लासमध्ये. अध्यक्षपदाची हमखास तयारी."

हो, क्लास. जिथे परीक्षा तिथे क्लास, हा आपल्या लोकांचा धर्मच. कलेक्टर व्हायला क्लास, शिपाई व्हायला क्लास, मग अध्यक्ष व्हायला का नसावा? विस्मरक गेला दिवस पुसतं, वर्षभराची घोकंपट्टी पुसत नाही. ती कधीच घट्ट झालेली असते. म्हणून क्लासवाल्यांनी एकच मंत्र दिला होता. तुम्ही कधीही अध्यक्षाच्या खुर्चीत असाल आणि वादळ आलं, तर ती कसोटीच समजायची. घाबरायचं नाही, हळहळायचं नाही. समोर माणसं नाहीत, गुण आहेत.

"हे तुम्हाला माहीत होतं?" यमुनेने मालशेंना विचारलं.

"क्लास बंद करायची शिफारस मी तीनदा पाठवली," मालशे खाली बघत म्हणाल्या. "पाच वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला, केरकरांना एकसष्ट पडले होते. ते रडले होते, ताई, दोर तोडताना. माणूस मुळात वाईट नाही."

"मग आता का रडले नाहीत? ज्याने खरी माणसं बुडवली, त्याचा हात दुसऱ्या खेपेला जास्त कापायला हवा, का कमी?"

"अनुभवाने माणूस खंबीर—"

"खंबीर!" यमुना उठली. खुर्ची मागे आपटली. "चुलीत घाला तुमचा खंबीरपणा. मी त्यालाच विचारते."

तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. ती काचेचं दार ढकलून आत गेली, आणि मालशे तिच्यामागून धावल्या.

केरकर नुकतेच डोळे उघडत होते. त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. दोन्ही हातांनी तारा उपटत ते म्हणाले, "उघडलं! दार उघडलं! डॉक्टर, संपली ना? किती पडले?"

"सत्त्याण्णव," मालशे पुटपुटल्या.

"केवढी लांबवलीत हो परीक्षा! आख्खी पाच वर्षं! मी दोर तोडला त्याच दिवशी वाटलं, आता दार उघडेल. रात्रभर वाट पाहिली. तुम्ही प्रेतं आणलीत, चौकशी आणलीत, बायका आणल्यात दाराशी ऊर बडवणाऱ्या. पण मी डगमगलो नाही. शपथ आठवत होती मला, मिरवणूक आठवत होती, पण ती तर कसोटीतही आठवते. मागे एकसष्ट पडले असं सांगून मला उठवलंत, तेही परीक्षेच्या आतलंच होतं ना? ओळखलं होतं मी." त्यांनी डोळे पुसले. ते आनंदाने रडत होते. "म्हणजे शिंपलेवाडी जागेवर आहे. सगळी आहेत. सुटलो बाबा!"

यमुनेच्या कानात दोन वर्षं जो प्रश्न भणभणत होता त्याचं उत्तर असं समोर बसून हसत होतं. भोंगा वाजवायला तो विसरला नव्हता, घाबरलाही नव्हता. भोंग्याला गुण नव्हते. वामन बुडाला, भावजय बुडाली, पोरी बुडाल्या, ते या गृहस्थाच्या उत्तरपत्रिकेत. खून करणाऱ्याला निदान समोर माणूस आहे एवढं तरी कळतं!

तिने त्यांचं मनगट धरलं. "चला."

"कुठे?"

"शिंपलेवाडी बघायला."

ते खुशीत निघाले. कसोटीची इमारत बंदरवाडीच्या अगदी काठावर होती. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, आणि समुद्र काही घडलंच नाही असा पसरला होता. काठावर दोर बांधायचा लोखंडी खुंट अजून तसाच होता. त्याच्यावरून माणसाच्या मांडीएवढा पोलादी दोर पाण्याकडे जात होता आणि दोन हातांवर संपत होता. तुटक्या तारा पिंजारलेल्या होत्या, गंजून लाल झालेल्या. कुणीतरी त्यांत अबोलीचा गजरा अडकवला होता. तो यमुनेनेच सकाळी अडकवला होता.

"ही शिंपलेवाडी," ती म्हणाली. "माझा भाऊ होता हिच्यावर. वामन तांडेल. त्याची धाकटी रेखा, तिला नुकते दात आले होते. भोंगा वाजला असता तर पाचव्या मिनिटाला ती पोर इथे माझ्या कडेवर असती. खानावळीतून मला वाडी दिसत होती. जाताना दिसत होती. बघा नीट, केरकर! हात लावून बघा!"

केरकरांनी हात लावला. एक तार बोटात घुसली, रक्त आलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू ओसरला. यमुनेला वाटलं, पोचलं. शेवटी याच्या काळजापर्यंत पोचलं.

त्यांनी रक्ताचं बोट उन्हात धरून निरखलं. मग एक सुस्कारा सोडला, सदरा खाली ओढून नीट केला, आणि त्यांचा आवाज पुन्हा तसाच सपाट झाला.

"म्हणजे अजून संपली नाही," ते म्हणाले.

मग ते यमुनेकडे वळले. तिच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे त्यांनी जवळ जाऊन, कौतुकाने पाहिलं. "किती हुबेहूब केलंय! ते दात आल्याचं वगैरे. वा!"

यमुनेने त्यांच्या थोबाडीत मारली. पाचही बोटं उमटली. ते थोडे कलंडले, सावरले, आणि पुन्हा समुद्राकडे तोंड करून शांत उभे राहिले. त्यांना वाटत होतं, याचेही गुण असणार.

"अपात्र!" यमुना ओरडली. "लिहा, अपात्र! मी सही करणार नाही, मेले तरी नाही!"

"लिहिते," मालशे म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "पण ताई, काल पास झालेल्या दुसऱ्या उमेदवार बाईही त्याच क्लासच्या आहेत. तुम्हीच सही केलीत त्यांच्या कागदावर. ब्याण्णव पडले म्हणून."

यमुनेचा मारलेला हात अजून झिणझिणत होता. तो तिने पदरात धरला. काल त्या बाई किती नम्र बोलल्या होत्या. जाताना वाकून नमस्कारसुद्धा केला होता. भोंगा त्यांनीही वाजवला नव्हता, आणि ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुम्ही बनवलंत ना हे?" ती मालशेंवर कडाडली. "मग सांगा ना त्याला! हे खरं आहे म्हणून सांगा! तुमचं तरी ऐकेल!"

"नाही ऐकणार," मालशे म्हणाल्या. "कसोटीच्या आत मीच असते, ताई. माझाच चेहरा, माझाच आवाज. प्रत्येक उमेदवाराला मी आत हात जोडून सांगते की हे खरं आहे. आणि जो माझं ऐकतो, त्याला उशीर होतो."

केरकरांनी ते ऐकलं आणि समुद्राकडे बघत समजूतदारपणे मान हलवली.