नळीवरचे दात

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मी हुज्जत घालणार नाही. पण जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी मावशी आहे, आणि मावशीला खोटं बोलता येत नाही. साधी सबब सांगायची म्हटली तरी तिचे कान लाल होतात.

हे सगळं सांगताना तिचे कान लाल झाले नव्हते.

भुताच्या गोष्टीत रात्र असावी लागते म्हणे. इथे नाही. मंगळवारची ढगाळ दुपार होती, थंडी पडली होती, आणि जागा होती दोन खोल्यांचं एक म्युझियम. पाइपांचं आणि तंबाखूचं.

मावशी तिथे हौसेने गेली नव्हती. ती गेली होती नवऱ्याची चोरी पकडायला.

आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, आयुष्यभर पाइप ओढत आले. घरात त्यांचं नावच 'इंजिन' पडलं होतं. मग एक दिवस डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि स्पष्ट सांगितलं, एक फुफ्फुस गेल्यात जमा आहे, दुसऱ्याला जपा. यापुढे ओढलात तर माझ्याकडे येऊ नका, काही उपयोग होणार नाही.

काकांनी त्या दिवशी सोडलं. अगदी खरंच सोडलं. त्या म्युझियममध्ये एक कपाट आहे, सोडलेल्यांचं कपाट. ज्याने पाइप सोडला त्याने तो तिथे आणून द्यायचा, काचेआड ठेवला जातो. काकांनी आपला पांढरा पाइप तिथे नेऊन दिला. मावशीनेच वाढदिवसाला दिलेला होता तो, फारसा पेटवलेलाही नव्हता, नुसता दातांत धरून फिरायचे. मावशीला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

वर्षभर सगळं ठीक होतं. काकांचं वजन वाढलं. जिना चढताना शीळ वाजवायला लागले.

आणि मग थंडी सुरू झाली, तसा खोकला परत आला.

नुसता खोकला नाही…

वास.

उशीला वास. शर्टाच्या कॉलरला वास. गोडसर, पिकलेल्या फळासारखा तंबाखूचा वास. मावशीचं नाक म्हणजे पोलिसाचं कुत्रं. ती बरोबर काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, खरं सांगा."

"काय खरं सांगू?"

"ओढता ना?"

"तुझी शप्पथ, नाही."

"माझी कशाला? मला अजून जगायचंय."

काका हसले, आणि हसता हसता खोकत खाली बसले. मावशीला रडू आलं. मग रागही आला. तिने कोटाचे खिसे उलटे केले, बुटांत हात घातले, बाथरूमच्या फळीमागे बघितलं. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून तिचा संशय आणखीच बळावला. पाणी कुठेतरी मुरत होतंच. घरी नाही, ऑफिसात मनाई, मग हा माणूस ओढतो कुठे?

तेव्हा तिला म्युझियम आठवलं. पाइप तिथेच तर होता.

मावशीचं काम तुम्हाला सांगायला हवं. ती कवळ्या बनवते. दंतवैद्य लोकांच्या जबड्यांचे ठसे तिच्या लॅबमध्ये पाठवतात, आणि ती त्यावरून दात घडवते. माणसं चेहरे लक्षात ठेवतात, मावशी चावा लक्षात ठेवते. काकांच्या खालच्या पुढच्या दातांचा पूल, म्हणजे ब्रिज, तिनेच बनवून दिला आहे. त्यांचा डावा सुळा थोडा आत वळलेला आहे, त्यामुळे तो पूल तिला चारदा घासावा लागला होता.

म्युझियमच्या दारात एक गृहस्थ बसले होते. नाकावर जाड चष्मा, हातात सुती मोजे. म्युझियमचं सगळं तेच बघायचे. मावशीखेरीज दुसरं कुणी नव्हतं. पहिल्या खोलीत मातीचे लांब पाइप होते, तपकिरीच्या डब्या होत्या, पानं कापायचा अडकित्त्यासारखा भला मोठा सुरा होता. बरण्यांत तंबाखूची पानं ठेवली होती, झाकण उघडून वास घ्यायला.

मावशीने एकेक बरणी हुंगली. उशीचा वास कुठल्याच बरणीत नव्हता.

"माझे मिस्टर इथे येतात ना?" तिने सरळच विचारलं.

"कोण हो?"

तिने फोटो दाखवला.

"हे होय! पाइप द्यायला आले होते तेव्हा. त्यानंतर नाही."

"आठवून सांगा."

"बाई, इथे दिवसाला चार माणसं येत नाहीत. आलेला प्रत्येक जण माझ्या लक्षात असतो."

मावशीचा विश्वास बसला नाही. हा आणि आपला नवरा मिळून मागच्या खोलीत बैठक जमवतात, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. चष्मेवाल्यांना तिचा रोख कळला. ते चिडले.

"वर बघा. धुराचं यंत्र आहे. साधी काडी ओढली तरी बोंब मारतं. आणि मला स्वतःला दमा आहे. मी ओढायला बसू?"

"कपाट दाखवा," मावशी म्हणाली.

सोडलेल्यांचं कपाट दुसऱ्या खोलीत, कोपऱ्यात होतं. काचेला कुलूप. किल्ली चष्मेवाल्यांच्या गळ्यात.

काकांचा पाइप तिथे होता. पांढराशुभ्र.

मावशीचा जीव भांड्यात पडला. कारण हा पाइप एका मऊ पांढऱ्या दगडाचा असतो. ओढत गेलं की दगड धूर पितो, आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो. त्याला खोटं बोलता येत नाही. काकांचा पाइप जसा दिला होता तसाच होता, म्हणजे काका खरं बोलत होते. आपण उगाच सुतावरून स्वर्ग गाठला, असं तिला वाटलं. घरी जाऊन माफी मागायची असंही तिने ठरवलं.

तेवढ्यात चष्मेवाले पुटपुटले…

"हा असा कसा झाला?"

ते शेजारच्या पाइपकडे बघत होते. त्याच घाटाचा, त्याच दगडाचा. पण काळपट तपकिरी, कडेपर्यंत.

"कसा म्हणजे?"

"आला तेव्हा फिकट पिवळा होता. एका ट्रम्पेटवाल्याचा आहे. बँडमध्ये वाजवायचा. छाती गेली, शेवटी शेवटी पेटवलेला पाइपही ओढता येईना. नुसता तोंडात धरून बसायचा. मला एकदा तरी भरून ओढू दे, म्हणायचा. तसाच गेला. बायकोने आणून दिला, मी ठेवून दिला या कपाटात."

"पण त्यांनी सोडला कुठे होता?"

चष्मेवाले चष्मा काढून पुसायला लागले.

मावशी काचेजवळ वाकली. आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

त्या काळपट पाइपच्या नळीच्या टोकावर दातांचे वण होते. एका बाजूला खोल. मध्ये सपाट, पूल असतो तसे. आणि डाव्या कडेला सुळ्याचा वण… थोडा आत वळलेला.

"उघडा," ती म्हणाली.

"बाई, हात लावता येत नाही."

"उघडा म्हणते ना!"

त्यांनी उघडलं. गोडसर वास भसकन बाहेर आला. पिकलेल्या फळासारखा. उशीचा वास. वर छताला धुराचं यंत्र होतं, ते मुकाट होतं.

मावशीने पांढरा पाइप उचलला. त्याच्या नळीवर दुसरेच दात होते. मोठे, झिजलेले, अनोळखी. ते काकांचे दात नव्हते.

"या नळ्या तुम्ही काढता?"

"साफ करायला काढतो. सगळ्या एकदम काढायच्या, पुसायच्या, परत बसवायच्या. आटे सारखेच असतात या दोघांचे…" बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला. "चष्मा फुटला होता तेव्हा माझा. अंदाजाने बसवल्या."

"कधी?"

"थंडी सुरू झाली तेव्हा."

मावशी म्हणते, मला तेव्हाही भुताबिताचा विचार आला नाही. मला वाटलं, हा माणूसच चोर आहे. स्वतः ओढतो आणि वर नळ्यांच्या गोष्टी सांगतो. चोराच्या उलट्या बोंबा! दोघांना समोरासमोर आणायचं म्हणून तिने काकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"काय ग?" काका म्हणाले. खोकल्यामुळे रजा टाकून घरी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते.

"काही नाही. बोला जरा."

"अगं, काय बोलू? आज जरा…"

काका थांबले.

आणि त्या काळपट पाइपमधून आवाज आला.

पुक…

ओठ सुटल्यासारखा. अगदी हलका.

"…आज जरा दम लागतोय," काका म्हणाले. "तू कधी…"

पुक…

"…कधी येतेस?"

चष्मेवाले दोन पावलं मागे सरकले. मावशीने पाइपला हात लावला. वाटी गरम होती. आत राखेचा कण नव्हता, तंबाखूची काडी नव्हती. रिकामी वाटी, आणि गरम.

पुक… पुक… पुक…

आता भराभर. कुणीतरी घाईला आल्यासारखं. फोनमधून काकांचे शब्द येईनात. नुसती घरघर.

"अहो! अहो, ऐकताय ना?"

घरघर.

"नळी काढा!" मावशी ओरडली.

चष्मेवाल्यांनी पाइप पकडला, पिळला. नळी हलेना. मोजे घसरायला लागले. मोजे काढून पिळली, बोटं भाजली, तरी हलेना. जणू पलीकडून कुणी घट्ट धरून ठेवली होती.

फोनमधली घरघर थांबली.

काहीच आवाज येईना.

तेव्हा मावशीने जे केलं ते तिच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल. लॅबमध्ये दोन्ही हात गुंतलेले असले, की ती तार दातात धरते, पिळते, तोडते. रोजची सवय. तिने दोन्ही हातांनी गरम वाटी धरली, नळी दातांत पकडली आणि मान फिरवली.

तोंडात धूर भरला.

गोड, दाट, गरम धूर. नसलेला धूर. तिने तो बाहेर टाकायला हवा होता, पण जोर लावताना तिने श्वास आत घेतला होता.

नळी निघाली.

फोनमध्ये काकांनी श्वास घेतला, जसा पाण्याखालून वर आलेल्या माणसाने घ्यावा. मग म्हणाले, "अगं, डोळा लागला वाटतं माझा. काय म्हणत होतीस?"

मावशी तिथेच फरशीवर बसून रडली. चष्मेवाल्यांनी भाजलेल्या बोटांनी नळ्या बदलल्या, ज्याची त्याला. काकांचा पाइप तिच्या पर्समध्ये घातला आणि म्हणाले, "घेऊन जा. कुणाला सांगू नका. मी पण नाही सांगणार."

काकांचा खोकला पंधरवड्यात गेला. डॉक्टरांनी नवा फोटो उजेडाला धरला, जुना धरला, पुन्हा नवा धरला. म्हणाले, असं होत नाही सहसा. काका आता सकाळी टेकडीवर जातात आणि घरी येऊन बढाया मारतात.

इथेच संपली असती तर मी ही गोष्ट लिहिली नसती.

महिन्याभराने मावशीला चष्मेवाल्यांचा फोन आला. आवाज दबका होता.

"बाई, ट्रम्पेटवाल्याचा पाइप अजून काळा होतोय."

"त्याची नळी त्याला आहे ना?"

"आहे. मी स्वतः पुसून, घासून, गुळगुळीत करून बसवली. पण तिच्यावर आता नवे वण उठलेत. दातांचे. लहान आहेत, बाईमाणसाचे वाटतात. तुम्हाला यातलं कळतं, म्हणून म्हटलं, एकदा येऊन बघाल का?"

मावशीने एकच विचारलं.

"वरचे पुढचे दोन एकमेकांवर चढलेले आहेत का?"

तिकडून कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला.

"…तुम्हाला कसं कळलं?"

तिने फोन ठेवला.

साऱ्या जगाचे दात नीट करणाऱ्या माझ्या मावशीने स्वतःचे पुढचे दोन दात कधीच सरळ करून घेतले नाहीत. वेळच मिळाला नाही, म्हणते. हसली की आधी तेच दिसतात.

हे तिने मला आमच्या जिन्यात सांगितलं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या मजल्यावर ती थांबली, कठड्याला धरून पायरीवर बसली. मला वाटलं, बोलायचं आहे म्हणून बसली. पण बोलायला सुरुवात करायलाच तिला वेळ लागला. मधे मधे ती थांबायची… आणि मी उगाचच कान देऊन ऐकायचे.

मी म्हटलं, "मावशी, आपण जाऊन तो पाइप फोडून टाकू."

"आणि फोडल्यावर काय होईल, सांगता येतं का तुला?"

मी दुसरा मार्ग सुचवला.

"मग काकांना तरी सांग."

तिने माझा हात इतका घट्ट दाबला, की बांगडी रुतली.

"त्यांना एक अक्षर कळता कामा नये. तो माणूस वेडा आहे. त्याला कळलं, तर उठून जाईल आणि आपली नळी पुन्हा तिथे बसवून येईल. मी ओळखते त्याला."

मी तिला वचन दिलं. काका असली पानं वाचत नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे. मावशी परवा पुन्हा आली होती. या वेळी तिने खालूनच हाक मारली, म्हणाली, "तूच ये ग खाली, आज जिना नको."