नव्या टॅब्लेटची थरथर

तक्रार तशी अगदीच क्षुल्लक होती. नवा कोरा टॅब्लेट, घरी येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि आवाज सुरू झाला की त्याची पाठ थरथरायची. एवढंच. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नसतं. धाकटीच्या आलं, कारण धाकटीला ऐकू येत नव्हतं आणि तिचे कान जणू तळहातांत उतरले होते.

ती कपड्यांची दुरुस्ती करायची. जिन्याखालचं छोटंसं दुकान, दोन मशिनं, एक इस्त्री, गरम कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास. सुई बोथट झाली की ते तिला टेबलावर टेकलेल्या कोपरातून समजायचं. लहानपणी तापात कान गेले तेव्हा आईने तिला मांडीवर घेतलं, तिचा तळहात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि एकेक शब्द सावकाश बोलून दाखवला. डोळ्यांनी ओठ बघायचे आणि हाताने गळा ऐकायचा. अशी ती बोलायला शिकली आणि आईशी तिचं बोलणं जन्मभर असंच चाललं. बाकीच्या जगासाठी थोरली बहीण होती. डॉक्टर, बँक, शेजारीपाजारी, सगळ्यांचं म्हणणं ताई ओठ ठळक हलवून तिला सांगायची. ताईने सांगितलं म्हणजे ते तसंच असणार, यात धाकटीला कधी शंका आली नाही. घ्यायची तरी कशी? दुसरं विचारायचं कुणाला?

आई गेल्या हिवाळ्यात गेली. टॅब्लेट त्यानंतर ताईनेच आणून दिला. समोरचा जे बोलेल ते त्याच्यावर अक्षरांत उमटायचं.

"आता तुला माझी गरज नाही," ताई हसत म्हणाली होती. ते हसणं धाकटीला आवडलं नाही, भेट मात्र फार आवडली. पहिल्याच दिवशी तिला कळलं, लोक आपल्यासमोर किती मोकळेपणी बोलतात ते. एक गिऱ्हाईक बाई मैत्रिणीला म्हणत होती, "बोल बिनधास्त, हिला कुठे काय कळतंय!" अक्षरं इमानदारीत उमटली. धाकटीने त्या बाईची पँट कमरेला दोन बोटं घट्ट शिवली आणि हसतमुखाने हातात दिली.

राहता राहिली ती थरथर. व्हिडिओवर ताईशी बोलताना धाकटी सवयीने हात टॅब्लेटच्या पाठीवर ठेवायची. आवाज मोठा केला की ताईचं बोलणं हाताला लागायचं. पण त्यात कसलीतरी गुणगुण मिसळलेली असे, गढूळ पाण्यासारखी, आणि ताईचा गळा त्यात हरवून जाई. म्हणून एका सकाळी ती टॅब्लेट पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे गेली.

दुरुस्तीवाल्याने गाणं लावलं, कानाशी धरलं, मान हलवली. त्याचं बोलणं त्याच टॅब्लेटवर उमटत होतं.

"मावशी, बिघाड काही नाही. स्पीकर दमदार दिलाय आणि मागचा पत्रा पातळ. जाड आवाज आला की पत्रा गुणगुणतो. सगळ्यांचाच गुणगुणतो हो, फक्त हात लावून कुणी बघत नाही."

माणूस कामाचा होता. त्याने आवाजाचा जाडपणा कमी केला, मागचं झाकण उघडून आत फोमच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या, झाकण परत बसवलं आणि टॅब्लेट तिच्यासमोर सरकवला.

"बघा आता."

धाकटीने हात ठेवला. गुणगुण गेली होती. पत्रा कसा शांत, गार लागत होता. ती त्याला तसं सांगणार, तेवढ्यात तिला ते जाणवलं. पत्र्यात नव्हे, पत्र्याच्या पलीकडे कुठेतरी, खोल.

"अजून आहे."

"मावशी, गाणं मघाशीच बंद केलंय मी." त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. आवाज शून्यावर होता. मग त्याने स्वतःचा हात पाठीवर ठेवला, थोडा वेळ वाट बघितली आणि खांदे उडवले. "मला तर काही लागत नाही."

धाकटी ओशाळली. आपलंच रक्त बोटांत ठोकत असेल असं म्हणून ती तिथून निघाली.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं. तिने दुकानाचं दार अर्धं लोटलं, कापड कापायचं टेबल मोकळं केलं आणि टॅब्लेट त्यावर पालथा ठेवला. इस्त्री बंद होती, मशिनं बंद होती. टेबलाचं लाकूड स्थिर होतं. तिने तळहात टेकवला.

आधी काहीच नाही. मग एक बारीकशी अडखळ, श्वास घशात अडकून सुटावा तशी. त्यामागून एक जड धक्का, मग नाकात घुमणारी कंपनं, मध्येच गळा बंद झाल्याचा झटका, आणि शेवटी एक पातळ, लांबत जाणारी थरथर.

भिंगरे...

तिचा हात भाजल्यासारखा मागे आला. भिंगरी हे नाव जगात एकाच माणसाच्या तोंडी होतं. तापाच्या आधी ती घरभर गरगर फिरायची म्हणून आईने ठेवलेलं. ताईसुद्धा तिला त्या नावाने हाक मारत नसे.

तिने टॅब्लेट उलटा केला. पडद्यावर "ऐकत आहे" एवढंच लिहिलेलं आणि खाली कोरी जागा. म्हणजे ह्याला काही ऐकू येत नव्हतं. तिने बटण दाबून तो पूर्ण बंद केला. पडदा काळा झाला. परत हात ठेवला.

भिंगरे... ये... ये गं...

प्रत्येक शब्दानंतर लांब विसावा. दम लागलेल्या माणसाचा. आणि तो दमच धाकटीच्या अंगावर काटा आणून गेला. आठवण म्हणून सोडून द्यायला ती तयार होती. आई जाऊन थोडेच महिने झालेत, हातांना भास होणारच. पण आठवणीतला आईचा गळा भरदार होता. असा तुटक, पाणी भरल्यासारखा गळा तिने कधी हाताने ऐकलाच नव्हता. तो गळा फक्त हॉस्पिटलमधल्या शेवटच्या रात्रीचा असू शकत होता, आणि त्या रात्री ती तिथे नव्हती.

ती राहणार होती. ताईने पाठवलं होतं घरी. "तोंडावर मास्क आहे, ओठ दिसायचे नाहीत. तुला काही कळणार नाही आणि तिला त्रास. जा तू, काही वाटलं तर लगेच निरोप करते." सकाळी निरोप आला होता: आई गेली, झोपेतच. नंतर धाकटीने पुन्हा पुन्हा विचारलं, माझ्यासाठी काही बोलली का? दर वेळी ताईने ओठ ठळक हलवून तेच सांगितलं. शुद्धच नव्हती गं तिला.

धाकटीने निरोप पाठवला: ताई, ये. आत्ता ये.

ताई आली तेव्हा ऊन उतरलं होतं. जिन्याखालच्या त्या दुकानात उजेड लवकर संपतो. धाकटीने दिवा लावला, ताईला समोर बसवलं आणि टॅब्लेट दोघींच्या मध्ये ठेवला. काळाच्या काळा.

"चालू होत नाही का?" ताईने विचारलं.

"हात ठेव."

"कशाला? काय झालंय?"

"ताई, हात ठेव त्याच्यावर."

ताईने ठेवला. चेहऱ्यावर कंटाळा होता, थोडी काळजीही होती. मग तो चेहरा हळूहळू रिकामा होत गेला. दुरुस्तीवाल्याला जे लागलं नाही ते ताईला लागलं होतं. तिने हात उचलला नाही, उचलताच येत नसावा तसा. तिच्या ओठांवर एक शब्द फुटला आणि धाकटीने तो वाचला.

"अजून?"

अजून! म्हणजे आधी ऐकलेलं होतं. 

"ती मला बोलवत होती ना? त्या रात्री?"

ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं. ज्याला ओठ वाचूनच ऐकायचं असतं त्याचं बोलणं तोडायला एवढं पुरतं. धाकटी खुर्ची ढकलून उठली, टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेली आणि आईशी बोलताना ठेवायची तसा हात तिने ताईच्या गळ्यावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच. ताईचे ओठ तिला नेहमी पुरेसे वाटले होते.

"बोल."

ताई शहारली. मग तिने तोंड वळवलं आणि बोलली, तुटक, थांबून थांबून.

"रात्रभर... भिंगरी, भिंगरी, दुसरं काही नाही. मी पाणी पाजत होते, कुशीवर वळवत होते. माझ्याकडे बघून मलाच विचारायची, भिंगरी आली का? नर्स म्हणाली, बोलवून घ्या बहिणीला. मी म्हटलं..." ताईचा गळा बंद झाला, परत उघडला. "मी म्हटलं, ती गावात नाही."

"आणि आईला? आईला काय सांगितलंस?"

"आईला सांगितलं... तिने यायला नकार दिला."

धाकटीला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. पण गळा हाताखाली होता, आणि तो तेच म्हणाला होता.

"का गं?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. "मी काय केलं होतं तुझं?"

"काही नाही. तू काहीच केलं नाहीस." ताई आता रडत होती. "जन्मभर मी जगाचे निरोप तुला पोहोचवले. ती तुझ्याशी बोलायची, तू तिच्याशी. मी बाजूला. वाटलं, शेवटी एकदा तरी मला हाक मारेल. तू येणार नाहीस म्हटल्यावर तरी मारेल. नाही मारली गं... पहाटेपर्यंत नाही मारली."

धाकटीला दया यायला हवी होती, पण आली नाही. आई आपल्यावर रुसून गेली, आणि हे जिच्यामुळे झालं तिच्याच ओठांवर आपण देवासारखा भरवसा ठेवला, एवढंच तिला दिसत होतं. आणखी काय काय खोटं सांगितलं असेल हिने? कोणकोणाचं बोलणं कापलं असेल? मागचं सगळं आयुष्य एकदम उसवल्यासारखं झालं.

"मला माफ कर," ताई म्हणाली आणि तिने ओठ मिटले.

धाकटीचा हात अजून गळ्यावरच होता. ओठ मिटले होते, आणि गळा बोलत होता.

एक अडखळ. एक दम.

भिंगरी... आली... का?

ताईचे डोळे विस्फारले. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. हातांमागे जबडाही हलत नव्हता. धाकटीने टेबलावरच्या टॅब्लेटला दुसऱ्या हाताने चाचपलं. तो आता निव्वळ थंड पत्रा होता. त्यात काही उरलं नव्हतं.

भिंगरी आली का?

"आले, आई," धाकटी म्हणाली. मग ओरडली, "आई, मी आलेय! इथेच आहे!"

गळ्याने परत तोच प्रश्न विचारला. पुन्हा विचारला. दिव्याखाली दोघी बहिणी एकमेकींकडे बघत होत्या आणि कुठून कोण जाणे, हॉस्पिटलच्या फिनाईलचा वास दुकानात भरत चालला होता. मग धाकटीच्या लक्षात आलं. आईला ऐकू येत नव्हतं. जिथे ती होती तिथे कान नव्हते.

तिने ताईचा एक हात तोंडावरून ओढून काढला आणि त्याचा तळहात आपल्या गळ्यावर टेकवला.

"आई," ती सावकाश, एकेक शब्द सोडवत म्हणाली, "मी आलेय. मला कुणी बोलावलंच नव्हतं. मी भिंगरी."

त्या तळहाताची बोटं क्षणभर थबकली. मग ती तिच्या गळ्यावर हलके हलके फिरली, ओळख पटवून घेतल्यासारखी. ताई ते करत नव्हती. ताई आपल्याच हाताकडे भेदरून बघत होती.

आलीस, गळा म्हणाला. आलीस गं.

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वाटलं, झालं. आता सुटेल. पण हाताखाली परत दम भरला गेला, आणि या खेपेचे शब्द हळू होते, कुणी तिसरं ऐकत असताना बोलावे तसे.

मग... ही... कोण?

ताईने ते ऐकलं. तिच्याच गळ्यात होतं ते, ऐकल्याशिवाय कशी राहील? तिच्या चेहऱ्यावरून सगळं रक्त उतरलं.

रात्रभर... माझ्याजवळ बसलीय... ही कोण?

ताईने धाकटीकडे बघितलं. बोलता येत नव्हतं, ओठ उघडायचं धाडस होत नव्हतं, पण ते डोळे काय मागत होते ते समजायला ओठ लागत नव्हते. सांग गं. एवढं सांग तिला. दोन अक्षरांचं काम होतं. इतकी वर्षं ताई तिच्यासाठी बोलली होती, आता तिने ताईसाठी बोलायचं होतं.

धाकटीने तोंड उघडलं. तो शब्द जिभेवर आला, आणि तिला तो निरोप आठवला. झोपेतच.

तिने तोंड मिटलं. ताईच्या गळ्यावरचा आपला हात काढून घेतला आणि मान भिंतीकडे वळवली.

तिच्या गळ्यावरचा हात मात्र निघाला नाही. तो गार पडत चालला होता आणि उत्तराची वाट बघत होता.